शूटर घेतला, पास देणारा विकला

डलासजवळच्या आमच्या फ्रिस्कोत चार मराठी घरं जमली, मुलं वरच्या खोलीत पळाली आणि चहाचे कप हातात आले की विषय मॅव्हरिक्सवर, म्हणजे एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या डलासच्या संघावर, जातोच. आणि मॅव्हरिक्सवर गेला की कोणीतरी म्हणतंच, ‘क्ले थॉम्प्सनवर पाच कोटी डॉलर पाण्यात घातले.’ हे वाक्य मी इतक्या घरांत, इतक्या ठामपणे ऐकलंय की ते आता मत राहिलेलं नाही, ठरून गेलेली गोष्ट झाली आहे. त्यामागचा हिशेब सरळ दिसतो. चौतिशीचा खेळाडू, डाव्या गुडघ्याचं लिगामेंट आणि उजव्या पायाचा ॲकिलीस दोन्ही फाटून सावरलेला, तीन वर्षांचा करार, आणि पहिल्याच हंगामात ३९ विजय, ४३ पराभव. आदल्या वर्षी फायनल खेळलेला संघ प्लेऑफ या बाद फेरीलाही पोचला नाही. खरेदी फसली हे सांगायला आणखी काय हवं? सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून कोणी पाहुणे आलेले असले तर त्यांचं बोलणं वेगळंच असतं: तेरा वर्षं तिथल्या ज्या गोल्डन स्टेट संघाने सांभाळलं त्यांना सोडून गेला, त्याची फळं भोगली. एकीकडे ताळेबंद, दुसरीकडे तळतळाट. जुलै २०२४ मध्ये डलास त्याच्यामागे का लागलं होतं, आणि ते कारण पुढे कोणी संपवलं, हे मात्र दोघंही विचारत नाहीत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. क्लेला घेणं ही त्या उन्हाळ्यातली डलासची बरोबर चाल होती. ती वाया गेली सात महिन्यांनी, २०२५ च्या फेब्रुवारीत लुका डॉन्चिचला, संघाच्या मुख्य पास देणाऱ्याला, लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडे धाडलं त्या रात्री. फ्री एजंट, म्हणजे जुना करार संपून मोकळा झालेल्या, शूटरच्या करारावर सही एकट्याची असते, पण तो करार दोघांच्या भरवशावर झालेला असतो. एक चेंडू टाकणारा आणि एक तो त्याच्या हातात आणून देणारा. दुसरा माणूस घरात आहे म्हणूनच पहिल्यासाठी पैसे मोजायचे. दुसऱ्याला विकून टाकल्यावर पहिल्याच्या पगाराकडे बोट दाखवणं हा उलटा न्याय आहे, आणि तेव्हापासून तोच चालू आहे.

२०२४ च्या जूनमधली फायनल आठवून बघा. बॉस्टनने डलासला ४-१ असं हरवलं. पहिल्या सामन्यात डलासच्या अख्ख्या संघाचे मिळून फक्त ९ असिस्ट, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, होते, आणि लांबून टाकायचे तीन गुणांचे थ्री-पॉइंटर २७ पैकी ७ पडले. लुका त्या हंगामात सरासरी ३३.९ गुण आणि जवळजवळ १० असिस्ट करणारा खेळाडू होता. अशा माणसाच्या संघाचे पास एकाएकी आटले कसे? बॉस्टनने एक साधी अदलाबदल केली होती. डलासच्या सेंटरवर, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूवर, त्यांनी टेटमला लावलं आणि हॉरफर्डसारखा आपला उंच खेळाडू डलासच्या डेरिक जोन्स किंवा पी. जे. वॉशिंग्टनवर ठेवला. या दोघांना लांबून मोकळं सोडलं तरी फार बिघडत नाही, हा त्यांचा अंदाज होता. त्यामुळे तो उंच खेळाडू आपल्या माणसाला सोडून बास्केटजवळ उभा राहू शकत होता. लुका आणि चेंडू हाताळणारा त्याचा जोडीदार कायरी अर्व्हिंग आत शिरले की समोर भिंत. बाहेर पास टाकावा तर ज्याच्याकडे टाकायचा त्याची बॉस्टनला भीतीच नाही. पाच सामने हेच चाललं.

यावर उपाय काय होता? लुकाहून मोठा खेळाडू आणणं शक्य नव्हतं, तशी गरजही नव्हती. बाहेरच्या त्या जागेवर असा माणूस हवा होता ज्याला सोडायची हिंमत कोणी करणार नाही. तीस जूनला फ्री एजंटांचा बाजार उघडला तेव्हा असा माणूस बाजारात होता. त्यासाठी डलासने टिम हार्डवेला नवोदित खेळाडू निवडायच्या दुसऱ्या फेरीतल्या तीन हक्कांसकट डेट्रॉइटला आधीच धाडलं होतं, जॉश ग्रीनला सोडलं, आणि सहा संघांच्या एका मोठ्या अदलाबदलीतून क्लेला आणलं. पहिल्या वर्षाचा पगार संघाच्या पगारमर्यादेच्या साधारण ११ टक्के. ज्या एका गोष्टीमुळे फायनल हातची गेली, ती गोष्ट एवढ्या किमतीत मिळत असेल तर कुठला संघ नको म्हणेल?

त्या नोव्हेंबरात अमेरिकन एअरलाइन्स सेंटरमध्ये वरच्या मजल्यावरच्या स्वस्त तिकिटावर बसून मी एक खेळ सुरू केला. चेंडूकडे बघायचंच नाही. फक्त क्लेवर लावलेल्या बचावपटूकडे बघायचं. लुका चेंडू घेऊन आत निघाला की त्या बचावपटूचा एक पाय मदतीसाठी आपोआप आत पडतो. लगेच मान मागे वळते. क्ले कोपऱ्यात गुडघे किंचित वाकवून, तळहात छातीपाशी उघडे ठेवून उभा असतो. आत गेलेला पाय परत बाहेर येतो. या एका पावलाच्या घोळात सेंटरवरची मदत हुकते, लुकाचा चेंडू रिंगवर तरंगत जातो आणि सेंटर तो आत ठोसतो. गुणपत्रकात सेंटरचे दोन गुण, लुकाचा एक असिस्ट. क्लेच्या नावापुढे काही नाही. त्याने चेंडूला हातही लावलेला नसतो. त्या रात्री दुसऱ्या क्वार्टरपर्यंत असं चार वेळा झालेलं मी मोजलं, आणि घरी येताना गाडीत मित्र म्हणत होता की आज क्ले दिसलाच नाही.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहायचा तेव्हा हेच घडत होतं. २७ कसोटींत ५३ झेल हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, आणि १९७१ च्या ओव्हल कसोटीत ॲलन नॉटचा त्याने सूर मारून टिपलेला झेल मुंबईकर अजून सांगतात. पण जे झेल उडालेच नाहीत त्यांचं काय? हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा पोरगा बॅटपासून दोन हातांवर वाकून उभा आहे हे दिसलं की फलंदाजाची बॅट पॅडच्या मागे लपायची आणि त्यातूनच पुढचा चेंडू विकेट घेऊन जायचा. ती विकेट लागायची बेदीच्या किंवा प्रसन्नाच्या नावावर. उलट बाजूही तितकीच खरी आहे. चंद्रशेखर, बेदी, प्रसन्ना, वेंकट ही मंडळी नसती, दोन्ही टोकांनी साधी मध्यमगती गोलंदाजी चालली असती, तर सोलकर तिथे उभा राहून काय करणार होता? उद्या एखाद्या निवड समितीने चारही फिरकीपटूंना घरी बसवलं आणि वर्षाअखेरीस सोलकरच्या झेलांचा आकडा काढून त्याला नालायक ठरवलं असतं, तर आपण गप्प बसलो असतो का? क्लेच्या बाबतीत डलासमध्ये नेमकं तेच झालं.

त्याच्या सगळ्यात गाजलेल्या रात्रीचाच हिशेब घ्या. ५ डिसेंबर २०१६, इंडियानाविरुद्ध २९ मिनिटांत ६० गुण. सगळे गुणांबद्दल बोलतात. मला त्यातला दुसरा आकडा मोलाचा वाटतो: त्या ६० गुणांसाठी त्याने पूर्ण सामन्यात ११ वेळा ड्रिबल केलं आणि चेंडू त्याच्या हातात साधारण दीड मिनिट होता. म्हणजे उरलेला सगळा वेळ तो धावत होता, बचावपटूची वाट अडवून उभ्या साथीदारांच्या आडून वळत होता, आणि कोणीतरी चेंडू वेळेवर, त्याच्या उजव्या हाताशी नेऊन पोचवत होतं. शूटरची थोरवी सांगायला यापेक्षा मोठा पुरावा नाही, आणि त्याचं परावलंबित्व सांगायलाही नाही.

आता विरोधातले मुद्दे. त्यातले काही भक्कम आहेत आणि ते झटकून टाकणं प्रामाणिकपणाचं नाही. पहिला मुद्दा वयाचा. गोल्डन स्टेटनेच २०२४ च्या फेब्रुवारीत त्याला सुरुवातीच्या पाचांतून काढून बाकावर बसवलं होतं. बाकावरून उठून पहिल्याच सामन्यात त्याने ३५ गुण केले हे खरं, पण त्या संघाच्या जर्सीतला त्याचा शेवटचा सामनाही तितकाच खरा: सॅक्रमेंटोविरुद्ध दहा प्रयत्न, दहाही हुकले, शून्य गुण. जो माणूस एका रात्री ३५ आणि दुसऱ्या रात्री शून्य करतो त्याच्यावर फायनलचा मनसुबा कसा रचायचा? दुसरा मुद्दा बचावाचा, आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. डेरिक जोन्स त्या उन्हाळ्यात क्लिपर्सकडे गेला. प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वोत्तम खेळाडूला अंगावर घेणारा तोच होता. एके काळी क्लेही ते काम करायचा आणि उत्तम करायचा, पण दोन दुखापतींनंतरचे त्याचे पाय ते काम करू शकत नव्हते. डलासने एका टोकाला जे मिळवलं त्यातलं थोडं दुसऱ्या टोकाला गमावलं, हे कबूल करायलाच हवं.

तिसरा मुद्दा कोणी फारसा मांडत नाही, पण माझ्याच युक्तिवादातून तो निघतो. शूटरची किंमत जर पास देणाऱ्यावर अवलंबून असेल, तर लुका असताना कुठलाही बरा शूटर चालला असता. मग क्लेच कशाला? याचं उदाहरण गोल्डन स्टेटनेच घालून दिलं. क्ले गेल्यावर त्यांनी बडी हील्डला चार वर्षांसाठी ३ कोटी ७८ लाखांत आणलं, म्हणजे वर्षाला क्लेहून कितीतरी स्वस्तात. हील्ड आपल्याकडच्या काही जणांनी वरळीत पाहिलेला आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात एनबीएचे भारतातले पहिले सामने एनएससीआय डोममध्ये झाले तेव्हा तो सॅक्रमेंटो किंग्जकडून खेळला होता. त्या संघाचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. तर या हील्डने ४ मे २०२५ ला ह्यूस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात ११ पैकी ९ थ्री-पॉइंटर टाकले, ३३ गुण केले, त्यातले २२ पहिल्या अर्ध्यात, आणि मालिका जिंकून दिली. ह्यूस्टनचे दोन-दोन खेळाडू गोल्डन स्टेटचा मुख्य खेळाडू स्टेफ करी याच्या अंगावर होते आणि हील्ड मोकळा होता.

हा तिसरा मुद्दा मला पूर्ण खोडता येत नाही. स्वस्तातही काम भागू शकतं. तरी मी दोन गोष्टी पुढे ठेवेन. ह्यूस्टनने हील्डला मोकळं सोडायचं ठरवलं म्हणून तो नऊ टाकू शकला. क्लेला तसं मोकळं सोडायचं कोणीच ठरवत नाही, अगदी त्याचे आधीचे सहा फटके हुकलेले असले तरी. बचाव आज काय घडतंय यावर उभा राहत नाही, गेल्या दहा वर्षांत काय घडलंय या भीतीवर उभा राहतो, आणि एका क्वार्टरमध्ये ३७ गुण केलेल्या माणसाची भीती स्वस्तात मिळत नाही. दुसरी गोष्ट पुढच्याच फेरीत दिसली. मिनेसोटाविरुद्ध पहिल्याच सामन्यात करीचा स्नायू दुखावला. तो सामना हील्डने २४ गुण करून जिंकायला मदत केली, हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवं. पण पुढचे चारही सामने करीविना गेले आणि चारही हरले. शूटर एक रात्र एकटा निभावून नेतो, मालिका नाही.

हरला म्हणून चाल चुकीची होती, या न्यायाने डलासमधली सगळी चर्चा चालली आहे. आपण घरातही असं करत नाही. पावसाचा अंदाज बघून पेरणी केली, रोपं वर आली, आणि मधेच कोणी विहिरीचा पंप काढून विकला, तर शिव्या बियाण्याला घालायच्या का? त्या हंगामात लुका डलासकडून अवघे २२ सामने खेळला. नाताळच्या दिवशी त्याची पोटरी दुखावली आणि मॅव्हरिक्सच्या जर्सीत तो परत उतरलाच नाही. म्हणजे ज्या जोडीसाठी एवढी उलथापालथ केली ती जोडी फार तर २२ रात्री एकत्र दिसली. त्या तुकड्यावरून पाच कोटींचा निकाल लावायचा? क्लेने मात्र त्या हंगामात ७२ सामने खेळून सरासरी १४ गुण केले आणि थ्री-पॉइंटर ३९ टक्क्यांनी टाकले. गोल्डन स्टेटमधल्या शेवटच्या वर्षीचा त्याचा टक्का ३८.७ होता. नेम होता तिथेच होता.

लुकाला का विकलं याचं कारण संघाचे तेव्हाचे व्यवस्थापक निको हॅरिसन यांनी दिलं ते असं की अजिंक्यपदं बचावाने जिंकली जातात. हे तत्त्व मी थट्टेवारी नेणार नाही. त्याला आधार आहे, आणि बदल्यात आलेला अँथनी डेव्हिस बचावात लुकाहून कैक पटींनी सरस आहे. पण मग जुलैत क्लेला का घेतलं? हॅरिसन यांनीच घेतलं होतं ना? जुलैतला संघ एका कल्पनेवर बांधला होता आणि फेब्रुवारीतला तिच्या नेमक्या उलट कल्पनेवर. दोन्ही कल्पना आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एकाच हंगामात दोन्ही राबवल्या तर एकीच्या नावाने आणलेला माणूस दुसरीच्या घरात उपरा होतो. त्या रविवारी दुपारी डलासचा जुना नायक डर्क नोवित्झकी याच्या पुतळ्यापाशी लोक जमले, कोणी तर शवपेटी आणून ठेवली. लोकांचा तो शोक लुकासाठी होता आणि रास्त होता. पण आत ड्रेसिंग रूममध्ये आणखी एक माणूस होता, ज्याने तेरा वर्षांचं घर याच माणसाच्या पाससाठी सोडलं होतं. त्याच्यासाठी कोणी काही लिहिलं नाही.

डेट्रॉइटने हा धडा दोनदा घेतला आहे, एकदा रडून आणि एकदा हसून. २००८ च्या नोव्हेंबरात त्यांनी आपला पास देणारा चॉन्सी बिलप्स डेन्व्हरला देऊन टाकला. पुढच्या जुलैत हातात पैसे होते, तेव्हा शिकागोचा बेन गॉर्डन हा फ्री एजंट शूटर पाच वर्षांच्या, पाच कोटींहून मोठ्या करारावर आणला. शिकागोत तो सरासरी २०.७ गुण करत होता. डेट्रॉइटमध्ये पहिल्याच वर्षी तो १३.८ वर आला आणि संघ ३९ विजयांवरून २७ वर. गॉर्डनचा नेम उन्हाळ्यात चोरीला गेला नव्हता. त्याला चेंडू आणून देणारं कोणी उरलं नव्हतं. डलासने केलं ते हेच, फक्त क्रम उलटा: त्यांनी आधी शूटर घेतला आणि मग पास देणारा विकला.

पंधरा वर्षांनी त्याच डेट्रॉइटने काय केलं? २०२३-२४ मध्ये १४ विजय आणि ६८ पराभव, त्यात सलग २८ हरलेले. पण केड कनिंगहॅम नावाचा पास देणारा त्यांच्या घरात तयार होत होता. त्याच्याभोवती त्यांनी त्या उन्हाळ्यात शूटर गोळा केले. मलिक बीस्लीला एका वर्षासाठी ६० लाखांत घेतलं. आणि हार्डवे? तोच, ज्याला डलासने क्लेसाठी जागा करायला सोडला होता. पुढच्या हंगामात डेट्रॉइटचे विजय ४४ झाले. बीस्लीने ३१९ थ्री-पॉइंटर टाकले. संपूर्ण लीगमध्ये त्याच्या पुढे एकटा अँथनी एडवर्ड्स, तोही फक्त एकाने. कनिंगहॅमचे असिस्ट सामन्यामागे नवाच्या वर गेले. नवा प्रशिक्षक होता, केड स्वतः मोठा झाला होता, सगळं श्रेय शूटरांना मी देत नाही. पण ६० लाखांचा बीस्ली सोन्याचा ठरला आणि पाच कोटींचा गॉर्डन मातीचा, याचं उत्तर त्या दोघांच्या मनगटात सापडणार नाही.

डलासला तर डेट्रॉइटपर्यंत जायचीही गरज नाही. त्यांचं स्वतःचं २०११ सालचं अजिंक्यपद समोर आहे. त्या वर्षी जानेवारीत टोरांटोने मोकळं केलेला पेजा स्टोयाकोविच त्यांनी जवळजवळ फुकटात उचलला. ३३ वर्षांचा, पाठीने बेजार, बचावात मंद. क्लेबद्दल आज जे बोलतात ते सगळं तेव्हा त्याच्याबद्दल बोलता आलं असतं. ८ मे २०११ ला, लागोपाठ दोन वर्षं जिंकलेल्या लेकर्सविरुद्ध, त्याने सहा थ्री-पॉइंटर मारले आणि सहाही टाकले. जेसन टेरीने दहापैकी नऊ. संघाचे मिळून वीस. लेकर्स १२२-८६ असे उडाले आणि मालिका ४-० ने संपली. पुढे फायनलमध्ये मायामीच्या वेगापुढे पेजाला जवळजवळ खेळवलंच नाही, हेही सांगायला हवं. शूटर प्रत्येक कुलपाची किल्ली नसतो. पण त्या दुपारी चेंडू कोणाच्या हातातून येत होता? नोवित्झकीवर दोघे तुटून पडले की तो बाहेर फेकायचा, आणि पहिला पास हलवणारा होता ३८ वर्षांचा जेसन किड. क्ले डलासला आला तेव्हा तिथे प्रशिक्षक होता तोच किड. पेजाला चेंडू देणाऱ्या माणसाला क्लेची गरज कळली नसेल?

राहिला निष्ठेचा मुद्दा. बे एरियातल्या पाहुण्यांचं दुःख मला समजतं, आणि त्यांच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा मीच देतो. २०१९ च्या फायनलमध्ये क्लेचं लिगामेंट फाटलं, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच गोल्डन स्टेटने त्याला पाच वर्षांचा १९ कोटी डॉलरचा करार दिला. मग ॲकिलीस गेला. लागोपाठ दोन हंगाम तो एकही सामना खेळला नाही आणि पगार पूर्ण मिळाला. इतकं करणाऱ्या संघाला सोडावं का? पण त्या करारातला शब्द त्याने पाळला. परत आला, २०२२ मध्ये चौथं अजिंक्यपद मिळवून दिलं, करार संपला, आणि मग गेला. नोकरीचा करार पूर्ण करून दुसरीकडे जाणाऱ्या माणसाला आपण आपल्या ऑफिसात गद्दार म्हणतो का? शूटर रे ॲलन २०१२ च्या जुलैत बॉस्टन सोडून मायामीला गेला तेव्हा बॉस्टनमधला त्याचा जोडीदार केव्हिन गार्नेटने त्याच्याशी हात मिळवणंही टाकलं, आणि ते अंतर मिटायला जवळजवळ दहा वर्षं गेली. मायामीला मात्र तो कशासाठी हवा होता ते १८ जून २०१३ ला कळलं: सॅन ॲन्टोनियोविरुद्ध सहावा सामना, तीन गुणांनी मागे, मायामीच्या बॉशने हुकून उडालेला चेंडू पकडला, ॲलन मागे-मागे सरकत उजव्या कोपऱ्यात गेला, पाय रेषेबाहेर आहेत हे न बघता ओळखलं, आणि घड्याळात ५.२ सेकंद असताना बरोबरी. तिथेही लेब्रॉनच्या भोवती जमलेला बचाव आधी होता, कोपरा मागाहून मोकळा झाला.

हा सोडून जायचा हक्क कोणी दान दिलेला नाही. ऑस्कर रॉबर्टसनने १९७० मध्ये खेळाडू संघटनेचा अध्यक्ष असताना लीगवर खटला भरला, तो १९७६ मध्ये मिटला, आणि खऱ्या अर्थाने मोकळा फ्री एजंट दिसायला १९८८ साल उजाडलं, टॉम चेंबर्स सिएटल सोडून फीनिक्सला गेला तेव्हा. त्याआधी खेळाडूला विकता येत होतं, त्याला स्वतःहून जाता येत नव्हतं. निष्ठेची भाषा करताना हे लक्षात ठेवावं. आणि लुकाकडे बघावं. १९ वर्षांचा असल्यापासून तो या शहराचा होता. त्याला डलासमध्येच राहायचं होतं. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याला साधारण साडेचौतीस कोटींचा करार मिळू शकत होता, तो हक्क अदलाबदलीबरोबर गेला. शनिवारी रात्री उशिरा त्याला कळवलं गेलं. निष्ठा जर मोजायचीच असेल तर आधी या रात्रीची मोजा. क्ले नोव्हेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पाहुणा म्हणून खेळायला गेला तेव्हा होडीने सरावाला येणाऱ्या आपल्या माणसासाठी हजारो लोक कप्तानाच्या टोप्या घालून बसले होते. त्या शहराने त्याला केव्हाच माफ केलं. आमच्या दिवाणखान्यातले पाहुणे का करत नाहीत, मला कळत नाही.

३ मार्च २०२५ ला सॅक्रमेंटोविरुद्ध कायरी अर्व्हिंगचा गुडघा गेला. लिगामेंट फाटलेलं, डोळ्यांत पाणी, आणि तरी तो लंगडत रेषेवर आला, दोन फ्री थ्रो टाकले, दोन्ही आत गेले. टीव्हीवर बघताना मला सहा वर्षांपूर्वीचा जून आठवला: टोरांटोविरुद्ध तसंच लिगामेंट फाटलेलं असताना ड्रेसिंग रूमच्या बोगद्यातून परत येऊन क्लेने टाकलेले दोन फ्री थ्रो, तेही दोन्ही आत. त्या रात्री डलासच्या संघात कायरीचं दुखणं अंगावर झेललेला दुसरा माणूस होता, आणि त्याला चेंडू देणारे दोन्ही हात एका महिन्यात गेले होते. उन्हाळ्यात बाजार पुन्हा उघडला तेव्हा डलासने डी’अँजेलो रसेलला घेतलं. रसेल पास देणारा आहे. नोव्हेंबरात हॅरिसन यांची नोकरी गेली. क्ले अजून खेळण्याआधी तसाच येतो, दोन्ही कोपऱ्यांपासून सुरुवात करतो, आणि एक मदतनीस रिंगखालून चेंडू टाकत राहतो, छातीच्या उंचीवर, उजव्या बाजूला किंचित, लुका द्यायचा तसा.